झुडपातली टिक-टिक: रातकिडा की नखाएवढा बेडूक?

करवंदजाळी
आंबोलीत घराच्या मागच्या बाजूला करवंद, अंजनी आणि कारवीची दाट जाळी आहे. पाऊस लागल्यापासून रोज दिवेलागणीला तिथून 'टिक्-टिक्-टिक्-टिक्' सुरू होतं. सहा-सात ठोके, मग दहा-बारा सेकंद सामसूम, की पुन्हा तेच. आवाज जमिनीवरून नाही, साधारण कमरेच्या उंचीवरून येतो. चार पावलं पुढे टाकली की बंद. जवळपास डबकं नाही, ओढा दोनशे मीटरवर.

घरात बहुमत रातकिड्याच्या बाजूने आहे. मला बेडूक वाटतो. तर जाणकारांना प्रश्न:
१) कान लावून फरक ओळखता येतो का?
२) हा प्राणी दिसावा कसा? तीन रात्री नुसती पानं बघतोय.
३) बेडूक असेल तर पाण्याशिवाय तिथे काय करतोय?

ठाणेकर_जुना
बहुमत घरात आहे म्हणता, मग रातकिडाच. वाद कशाला वाढवता?

रानशीळ
बेडूकच. वर्णनावरून झुडपी बेडूक, म्हणजे राओर्केस्टिस जातकुळीतला नाहीतर त्याच्या भाऊबंदांपैकी. डराव डराव करणारा भलामोठा बेडूक डोक्यातून काढून टाका. हा मावतो अंगठ्याच्या नखावर. दोन-अडीच सेंटिमीटर लांबी, मोठे डोळे, आडवी बाहुली, बोटांच्या टोकाला चपट्या गोल चकत्या. चकत्यांमुळे तो ओल्या पानाच्या खालच्या बाजूलाही चिकटून बसतो.

फरक असा ओळखा. रातकिडा पंख घासतो, त्यामुळे आवाज एकसुरी आणि लांबलचक, मिनिटभरसुद्धा न थांबता चालतो. झुडपी बेडूक मोजके ठोके देतो, थांबतो, मग दुसरा नर उत्तर देतो. दोन नर सहसा एकमेकांच्या आवाजावर आवाज टाकत नाहीत, मधल्या फटीत बोलतात. तुमच्या जाळीत डावीकडून एक आणि उजवीकडून एक असं आळीपाळीने ऐकू येत असेल तर पैज लावा.

काजवा०७
रानशीळ यांना +१, पण एक दुरुस्ती. सगळे रातकिडे अखंड वाजत नाहीत. काही नाकतोड्यांचे जातभाई तुटक 'टिक् टिक्' करतात आणि त्यात भलेभले फसतात. खात्रीचा उपाय म्हणजे ध्वनिमुद्रण करून आलेख पाहणे. या बेडकांचा आवाज बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बसतो आणि ठोका आलेखावर आटोपशीर, वेगळा दिसतो. नाकतोड्याचा ठोका वरपर्यंत पसरलेला दिसतो, १० किलोहर्ट्झच्याही पलीकडे. कानाला दोन्ही सारखे, डोळ्याला अजिबात नाही.

दाभोळकरीण
प्रश्न ३ चं उत्तर कोणी देत नाहीये, आणि खरी मौज तिथेच आहे.

या बेडकांना डबकं लागतच नाही, कारण त्यांच्यात पाण्यात पोहणारा शेपटीवाला भैकेर नसतो. शाळेत शिकलेलं अंडी-भैकेर-बेडूक हे चक्र इथे लागू होत नाही. मादी ओलसर पालापाचोळ्यात किंवा भुसभुशीत मातीत मोजकी, पण अंगाच्या मानाने मोठी अंडी घालते. सगळी वाढ अंड्याच्या आतच होते. आतल्या पिवळ्या बलकावर पिल्लू पोसतं आणि काही आठवड्यांनी बाहेर येतो तो चार पायांचा तयार बेडूक, तांदळाच्या दाण्याएवढा. थेट वाढ म्हणतात याला.

पाणी लागत नाही, ओल मात्र लागते. अंड्याला कवच नसतं. पाचोळा दोन दिवस कोरडा पडला तर अंडी सुकून जातात. म्हणून हे बेडूक धुक्याच्या, सततच्या पावसाच्या पट्ट्यात सापडतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आणि पावसाळाभर ढगात, याहून चांगली जागा कुठली?

मालवणी_झील
आमच्याकडे बेडकाक बेबो म्हणतत. आता ह्यो नखाएवढो बेबो म्हणजे बेबल्यो काय? :)

रानशीळ
बेबल्यो चालेल, शास्त्रीय नावापेक्षा तोंडात लवकर बसतो.

नावावरून आठवलं. राओर्केस्टिस हे नाव २०१० मध्ये दिलं गेलं, सी. आर. नारायण राव या भारतीय बेडूकतज्ज्ञांच्या स्मरणार्थ. त्याआधी हे सगळे फिलॉटस नावाच्या एकाच मोठ्या गाठोड्यात होते. जुनी पुस्तकं चाळताना फिलॉटस दिसलं तर गोंधळू नका.

आणि राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस नावाचा बेडूक मुंबईत शोधायला जाऊ नका. अ‍ॅनंडेलने १९१९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते कॅसलरॉकच्या नमुन्यावरून. आता कर्नाटकात असलेलं कॅसलरॉक तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणून बॉम्बे.

ठाणेकर_जुना
म्हणजे मुंबईकर म्हणवून घेणारा, पण राहणारा भलतीकडचा. डोंबिवलीकर समदुःखी आहेत.

पानथेंब
आता प्रश्न २. तीन रात्री दिसला नाही यात तुमचा दोष नाही. आपण आवाजाची दिशा दोन गोष्टींवरून ठरवतो: दोन कानांत आवाज पोचण्यातला वेळेचा फरक आणि दोन कानांत पडणाऱ्या जोराचा फरक. खालच्या सुरांना पहिली खूण उपयोगी पडते, वरच्या सुरांना दुसरी. दीड ते तीन किलोहर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही खुणा लंगड्या पडतात, आणि बेबल्यो नेमका तिथे बोलतो. त्यात पानांवरून आवाज उलटतो. म्हणून तो डावीकडे वाटतो आणि असतो समोर.

उपाय दोन माणसांचा आहे:

एकमेकांपासून तीन-चार मीटर अंतरावर उभे राहा, विजेऱ्या बंद. दोघांनी डोळे मिटून आवाजाकडे हात रोखायचा. मान हळूहळू डावी-उजवी फिरवा, दोन्ही कानांत आवाज सारखा झाला की तुमचं नाक त्याच्या दिशेला आहे. मग एकदम दोघांनी विजेरी लावायची. जिथे दोन झोत एकमेकांना छेदतात ते झुडूप. विजेऱ्या बंद करा, दोन पावलं पुढे जा, गप्प उभे राहा. तो पुन्हा बोलायला तीन ते पाच मिनिटं घेतो. बहुतेक जण दुसऱ्या मिनिटाला कंटाळून पाऊल टाकतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. असं दोन-तीनदा केलं की एक-दीड फुटाच्या गोलात येता.

मग पानं नका बघू. घशाखालचा फुगा शोधा. बेडूक पानाच्या रंगाचा असतो, फुगा नसतो. या जातकुळीत तो अंगाच्या मानाने मोठा आणि फुगल्यावर पारदर्शक होतो. उजेड बाजूने मारा, समोरून नको, म्हणजे फुगा साबणाच्या बुडबुड्यासारखा चमकतो. लाल कागद लावलेला मंद उजेड असेल तर तो गात राहण्याची शक्यता जास्त.

वेळ: अंधार पडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत. धो-धो पावसात जाऊन उपयोग नाही, त्यात त्याचाच आवाज बुडतो. जोराची सर येऊन गेल्यानंतरची रिमझिम सगळ्यात चांगली. दाट ढग आणि धुकं असेल तर दिवसाही बोलतात.

कुंपण
एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ज्या उंचीवर, ज्या झुडपांवर हे बेडूक बसतात तिथेच चापडा हा विषारी साप बसतो, बेडूक खायलाच. हिरवा चापडा पानात पानासारखा दिसतो आणि हलत नाही. पान बाजूला करायला हात वापरू नका, दोन-अडीच फुटांची काठी वापरा. तीही आधी विजेरी फिरवून, फांदीची वरची आणि खालची बाजू बघून. गमबूट सक्तीचे.

जळवांसाठी पायाला तंबाखू किंवा डास पळवायचं मलम चोळता ते हातांना लागू देऊ नका. बेडकाची कातडी शोषून घेणारी असते. अर्थात बेडकाला हात लावायचाच नाही, पण पानाला लागतोच.

झूमवाला
अहो, त्रिकोण-बिकोण कशाला? कोणाची तरी मुद्रित केलेली साद भ्रमणध्वनीवर वाजवा. दोन मिनिटांत नर पानाच्या टोकावर येतो. फोटोही झकास मिळतो.

दाभोळकरीण
झूमवाला, येतो तो भांडायला. त्याच्या लेखी दुसरा नर हद्दीत घुसलाय. तो साद वाढवतो, जागा सोडतो, उघड्यावर येतो. साद घालणं हा त्याच्या आयुष्यातला सर्वात महाग उद्योग आहे, त्यातली ताकद खोट्या शत्रूवर जाते, आणि उघड्यावर आलेल्याला चापडा टिपतो. वर्षातले ऐन विणीचे आठवडे मोजकेच. शनिवार-रविवारी वीस छायाचित्रकारांनी एकाच नरावर हा प्रयोग केला तर हिशोब तुम्हीच करा.

झूमवाला
शास्त्रज्ञही साद वाजवून गणना करतात की.

काजवा०७
करतात, पण परवानगी घेऊन, ठरलेल्या वेळेपुरती आणि नोंद ठेवून. फोटोसाठी तेच करणं वेगळं. मी दाभोळकरीण यांच्या बाजूने आहे. शिवाय गरजच नाही. पानथेंब यांची पद्धत अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते.

मुद्रणाबद्दल थोडं, कारण इथेच नव्वद टक्के लोक घोळ घालतात.

साध्या ध्वनिमुद्रकात 'गोंगाट कमी करा' ही सोय चालू असते. ती ठराविक अंतराने येणारे ठोके गोंगाट समजून पुसते. आधी ती बंद करा. आवाजपातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोयही बंद. फाइल वेव्ह प्रकारात, ४४.१ किलोहर्ट्झवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून ऐकवण्याचा संदेश म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो. दस्तऐवज म्हणून पाठवा.

अंतर अर्धा ते एक मीटर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलने उतरते, म्हणजे चार मीटरवरून तुम्ही मुख्यतः पाऊसच मुद्रित करताय. छत्रीखाली उभे राहू नका, छत्रीवरचे थेंब ढोलासारखे येतात. प्लास्टिकची पिशवीही नको, ती चुरचुरते. माइकच्या भोकावर पातळ स्पंजचा तुकडा पुरतो. किमान तीन मिनिटं सलग घ्या. शेवटी स्वतःच्या आवाजात वेळ, तापमान, जमिनीपासूनची उंची आणि झुडपाचं नाव बोलून ठेवा. तापमान चुकवू नका. थंडीत ठोक्यांचा वेग मंदावतो आणि तोच बेडूक आलेखावर वेगळी जात वाटू लागतो.

घरी संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या आज्ञावलीत उघडा, ट्रॅकच्या नावाच्या यादीतून वर्णपट निवडा, वरची मर्यादा ८००० हर्ट्झ ठेवा (नाकतोड्याची शंका असेल तर १० किलोहर्ट्झच्या वर). मोजायच्या गोष्टी: एका सादेतले ठोके, एका ठोक्याची लांबी, दोन ठोक्यांतलं अंतर आणि सर्वात गडद पट्टा कुठे आहे ते. वाऱ्याची घरघर फार असेल तर ५०० हर्ट्झखालचं कापा, पण प्रतीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

मीठभाकर
तो फुगा फुटत नाही का हो? एवढासा जीव आणि एवढा आवाज.

पानथेंब
फुग्यातून आवाज निघत नाही. आवाज स्वरयंत्रात होतो. तोंड आणि नाकपुड्या बंद ठेवून फुप्फुसातली हवा घशाखालच्या पिशवीत ढकलली जाते, पिशवी तो आवाज बाहेर पसरवते आणि हवा परत आत पाठवते. तीच हवा पुन्हा वापरता येते, दर ठोक्याला नवा श्वास घ्यावा लागत नाही. स्वरयंत्र लहान म्हणून सूर वरचा. फक्त नर बोलतात. मादी अंगाने मोठी आणि गप्प, त्यामुळे रात्री सात आवाज मोजले म्हणजे सात बेडूक, असं लिहू नका. सात नर म्हणा.

ठाणेकर_जुना
मादी मोठी आणि गप्प. या एका वाक्यावरूनच कळतं की जात वेगळी आहे.

हिलोकर
अवांतर, पण धाग्याला धरून. मी राहतो त्या हवाई बेटावर याच थेट-वाढीमुळे मोठा ताप झालाय. कोकी नावाचा पोर्तो रिकोचा बेडूक, साडेतीन सेंटिमीटरचा, १९८० च्या दशकाच्या शेवटी रोपवाटिकेच्या कुंड्यांतून इथे आला. भैकेर नाही, म्हणजे तळं लागत नाही, ओल्या कुंडीत अंडी सुखाने प्रवास करतात. अर्ध्या मीटरवर ९० डेसिबलच्या वर आवाज. इथे बेडूक खाणारे साप नाहीत, खाणारं दुसरंही फारसं कोणी नाही.

उपाय म्हणून सायट्रिक आम्लाचं १६ टक्के द्रावण फवारतात, लिटरला साधारण १६० ग्रॅम. रोपांना ४५ अंश गरम पाण्याची पाच मिनिटं आंघोळ. द्रावण कमी पडलं तर बेडूक मरत नाही, जास्त झालं तर पानं करपतात.

मजा म्हणजे त्याच्या 'को-की' सादेतले दोन भाग दोन श्रोत्यांसाठी असतात. 'को' इतर नरांना धमकी, 'की' मादीला आमंत्रण. हे १९७६ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं.

रानशीळ
इथल्या मंडळींनी हे वाचून आम्ल आणायला जाऊ नये, ही विनंती. तो तिथे उपरा आहे, आपले इथले मूळ रहिवासी आहेत.

मीठभाकर
हाच जगातला सगळ्यात छोटा बेडूक का?

काजवा०७
नाही हो, बराच मोठा आहे! पापुआ न्यू गिनीतल्या पेडोफ्रायने अमाउएन्सिसची सरासरी लांबी ७.७ मिलिमीटर, २०१२ मध्ये जाहीर झाला तेव्हा तोच सगळ्यात छोटा ठरला. तोही आधी ऐकू आला, मग दिसला. सूर ८४०० ते ९४०० हर्ट्झ, अगदी कीटकासारखा. शोधणाऱ्यांनी आवाजाच्या जागेचा पाचोळा मुठीने पिशवीत भरला आणि एकेक पान उलटून पाहिलं, तेव्हा पानावरून उडी मारली. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, केरळ-तमिळनाडूत, १२ ते १५ मिलिमीटरचे रातबेडूक आहेत. २०१७ मध्ये असे चार एकदम वर्णन झाले. इतकी वर्षं लोक त्यांना किडे समजत होते. करवंदजाळी यांच्या घरच्यांचं तेवढंही चुकत नाही.

करवंदजाळी
सगळ्यांचे आभार. काल पानथेंब यांची पद्धत वापरली. सापडला! अंजनीच्या पानावर, जमिनीपासून ८० सेंटिमीटर. काठी फिरवताना चापडाही दिसला, दीड फूट पलीकडे. कुंपण यांना दंडवत.

नोंदी: रात्री ८.१०, तापमान २२ अंश, रिमझिम. सादेत ६ ते ७ ठोके, गडद पट्टा २.७ किलोहर्ट्झजवळ. दुसरा नर आठ-नऊ मीटरवरून उत्तर देत होता. अंग तपकिरी, पाठीवर गडद रंगाच्या दोन कमानी, एकमेकींकडे पाठ केलेल्या कंसांसारख्या. फुगा पारदर्शक. हात लावला नाही. तो गेल्यावर तेच पान फूटपट्टीने मोजलं आणि फोटोवरून हिशोब केला: नाकाच्या टोकापासून बुडापर्यंत २३ मिलिमीटर.

आता नाव सांगा. आणि त्यांच्यासाठी मागे छोटं टाकं बांधू का?

रानशीळ
पान मोजायची युक्ती फार छान. बाकीच्यांसाठी: एक रुपयाचं २०११ नंतरचं नाणं साधारण २२ मिलिमीटरचं असतं, म्हणजे तुमचा बेडूक नाण्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर लांब.

नाव. पाठीवरचे कंस सोडून द्या. या जातकुळीतल्या कित्येक जातींत ते असतात आणि एकाच जातीत काहींना नसतातही. रंगावर तर अजिबात विसंबू नका, रात्रीचा आणि दिवसाचा रंग वेगळा असतो. लांबी, पारदर्शक फुगा आणि जागा पाहता राओर्केस्टिस जातकुळी, नर. बॉम्बेएन्सिस असण्याची शक्यता मोठी, पण नक्की म्हणायला त्याच तापमानातल्या खात्रीच्या सादेशी आलेख जुळवावा लागेल.

आंबोलीच्याच नावाचा स्युडोफिलॉटस आंबोली २००९ मध्ये वर्णन झाला, तो अंगाने यापेक्षा मोठा. त्याचे बहुतेक नातलग श्रीलंकेत. तुमचा तो वाटत नाही.

काजवा०७
सहमत. मूळ वेव्ह फाइल पाठवा, ठोक्यांची लांबी मिलिसेकंदात मोजून इथे लिहितो. २.७ वर एकच पट्टा असेल तर मायक्रोहायला हा दुसरा छोटा बेडूक बाद. तो खुळखुळ्यासारखा वाजतो आणि बसतोही जमिनीवर, डबक्याच्या कडेला.

दाभोळकरीण
टाकं नको. भैकेरच नाही तर टाकं कोणासाठी? उलट पाण्याने मोठे बेडूक येतील, आणि ते लहान बेडूक खातात.

करायचं असेल तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जाळीखालचा पाचोळा झाडू नका. तीन-चार इंच थर राहू द्या. पाऊस संपल्यावर तो पेटवूही नका. मागच्या दाराचा दिवा जाळीवर पडत असेल तर त्याला वरून झाकण करून उजेड खाली वळवा. कीटकनाशक बंद, बेडकाचं जेवणच ते आहे. करवंदीची छाटणी पाऊस संपल्यावर.

कुंपण
आणि दुसऱ्या जंगलातून आलेले बूट आधी ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच जाळीत न्या. बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीचा रोग ओल्या चिखलातून पसरतो आणि सह्याद्रीत तो नोंदला गेलाय. अर्धवट ओला बूट हीच त्याची गाडी. फोटो टाकाल तेव्हा गावाचं नाव पुरे, नकाशावरचा ठिपका नको.

झूमवाला
बरं, साद वाजवणार नाही. पण फोटोत फुगा दर वेळी पांढरा फटक येतोय. काय चुकतंय?

पानथेंब
फ्लॅश समोरून मारताय. कॅमेऱ्यावरून काढा, बेडकाच्या मागे एका बाजूला ४५ अंशांत धरा, तोंडाला पांढरं पातळ कापड, ताकद आठव्या हिश्शावर. छिद्र एफ ११, शटर १/१६०. फुगा सेकंदाच्या अंशात फुगतो-बसतो, म्हणून सादेतला पहिला ठोका सोडा आणि तिसऱ्या-चौथ्यावर दाबा. चार-पाच झगमगाटांवर थांबा. आणि कॅमेरा वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आणू नका, भिंगावर धुकं धरतं. बंद पिशवीत वीस मिनिटं ओसरीवर ठेवा, मग काढा.

मालवणी_झील
करवंदजाळीनू, घरातल्यांका सांगलात काय मगे? बहुमत फिरला?

करवंदजाळी
फोटो दाखवला. आता म्हणतात, "हा एवढासा? मग उरलेला आवाज रातकिड्याचाच."